नाशिकमध्ये नव्यानं बाईक चालवताय? दुसऱ्याच्या चुकीतून सुखरूप सुटण्याच्या पायऱ्या

कॉलेजसाठी, सातपूर-अंबडच्या कंपनीतल्या नोकरीसाठी किंवा बदली होऊन नाशिकला आलेला माणूस पहिल्या एक-दोन महिन्यांतच बाईक घेतो. सिटीलिंकच्या बस आहेत, शेअर रिक्षा आहेत, पण रात्रीची पाळी सुटल्यावर अंबडहून नाशिकरोडला पोहोचायचं तर स्वतःची गाडीच लागते. यातल्या बहुतेकांना गाडी चालवता येत असते. गावाकडे, शेताच्या रस्त्यावर हात बसलेला असतो. सवय नसते ती वेगळ्याच गोष्टीची: न बघता वळणाऱ्या, राँग साइडनं येणाऱ्या, भर रस्त्यात थांबणाऱ्या लोकांमधून रोज धड घरी पोहोचायची. हा लेख त्यासाठी आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. समोरच्यानं आपल्याला पाहिलेलंच नाही, असं धरून चालायचं. यात त्याला वाईट ठरवायचं कारण नाही. समोरून येणारी बाईक दिसायला लहान असते, कारच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड ती अख्खी लपू शकते आणि चौकात माणसाची नजर मोठं वाहन आधी शोधते. बाईकचा वेगही समोरच्याला पटकन कळत नाही. त्यामुळे तो चूक करील तेव्हा आपल्याकडे सुटायला जागा आणि थांबायला वेळ असला पाहिजे, आणि ही तयारी आधीपासून करून ठेवायची असते. चूक त्याची असली तरी हाड आपलं मोडतं.

पहिली पायरी: हेल्मेट, आणि अंगावरचं बाकीचं

हेल्मेट रस्त्याच्या कडेला टांगलेल्या ढिगातून घेऊ नका. आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. फुटपाथवर हा शिक्का नुसता चिकटवलेलाही मिळतो, म्हणून पक्क्या दुकानातून बिल घेऊन घ्या. हनुवटी झाकणारं, पूर्ण चेहऱ्याचंच घ्या. माणूस पुढे पडला की तोंड आणि जबडाच आधी आपटतो आणि अर्धं हेल्मेट तिथे काही करू शकत नाही.

माप बघायची पद्धत सोपी आहे. हेल्मेट घाला, पट्टा लावा आणि डोकं जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागे राहता कामा नये. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, कारण नवीन हेल्मेटचं अस्तर महिन्याभरात बसतं. मग पट्टा लावलेला असतानाच मागची कड धरून हेल्मेट पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघून आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जावीत.

नाशिकमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही मोहीम सुरू झाली होती. कायद्यात दंड एक हजार रुपयांचा आहे, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. पण पंपासाठी किंवा पोलिसासाठी घातलेलं हेल्मेट पट्टा न लावताच घातलेलं असतं, आणि तसं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून चांगलं दिसलं तरी, बदला. आतलं थर्माकोलसारखं अस्तर धक्का खाऊन दबलेलं असतं आणि दुसऱ्या वेळी ते काम करत नाही.

काळी काच रात्रीसाठी नको. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट घाला. हातमोजे घ्याच, कारण पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो आणि डांबरावर तळहात सोलून निघतो. रेनकोट काळा किंवा निळा घेण्यापेक्षा पिवळा, पोपटी किंवा नारिंगी घ्या. पावसाळी संध्याकाळी काळा रेनकोट रस्त्यातून वेगळा दिसतच नाही.

दुसरी पायरी: निघण्याआधीची दोन मिनिटं

टायरची हवा आठवड्यातून एकदा टायर थंड असताना बघा. किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, बहुतेक गाड्यांवर स्टिकरही असतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त हवा लागते. ब्रेक लाइट लागतो का ते भिंतीजवळ गाडी लावून, लिव्हर दाबून, भिंतीवर पडणाऱ्या उजेडात पाहता येतं. हे रोज करा. मागच्याला तुम्ही थांबताय हे कळायचा तो एकच मार्ग आहे. साइड स्टँड वर घेतलाय का, चेन ढिली तर नाही ना, बस.

आरसे मात्र नीट लावा. आरशात स्वतःचा खांदा दिसत असेल तर आरसा आत वळलाय. कोपराची कड जेमतेम दिसावी, बाकी सगळा रस्ता दिसावा. गाडी चांगली दिसते म्हणून आरसे काढून टाकलेल्या बाईक कॉलेज रोडला पाहाल. मागून काय येतंय ते बघायची एकही संधी स्वतःला न देण्याचा तो प्रकार आहे.

तिसरी पायरी: ब्रेक लावायला शिका

'पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील,' हे आपल्याकडे प्रत्येकानं काका-मामाकडून ऐकलेलं असतं. त्या सल्ल्यामुळे लोक आयुष्यभर पायाच्याच ब्रेकवर गाडी थांबवत राहतात आणि ऐन वेळी मागचं चाक घसरत पुढच्या वाहनावर जातात. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्याला जास्त घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना, किंवा चाकाखाली खडी-वाळू असताना आवळल्यामुळे.

रविवारी सकाळी एखाद्या नव्या लेआउटमधला मोकळा, सरळ, कोरडा रस्ता शोधा. ताशी वीसच्या वेगानं या, हँडल सरळ ठेवा, दोन्ही ब्रेक एकदम सुरू करा आणि पुढचा हळूहळू दाबत न्या, ओला कपडा पिळावा तसा. नजर लांब समोर ठेवा, चाकाकडे नको. जमलं की तीस, मग चाळीस. तुमची गाडी कुठे थांबते ते खडूनं आखून ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या बाईकना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, बंधनकारक झालं. तुमच्या गाडीत ते असेल तर जोरात दाबल्यावर लिव्हरला थरथर जाणवेल. ती थरथर आली म्हणून ब्रेक सोडायचा नाही, धरून ठेवायचा. लहान गाड्यांमध्ये बहुतेक वेळा सीबीएस (कॉम्बी ब्रेक) असतं, त्यात एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो, पण चाक जाम होणं ते थांबवत नाही. जुन्या गाडीत यातलं काहीच नसेल. आपल्या गाडीत काय आहे हे ठाऊक पाहिजे.

हे आकडे डोक्यात ठेवा. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काहीतरी घडलं हे कळून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे तेवढे १४ मीटर ब्रेक न लागताच संपतात. ताशी ३० ला हेच अंतर ८ मीटरच्या आसपास आहे. त्यापुढचं थांबायचं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. गल्लीतून अचानक रिक्षा बाहेर आली तर ३० वाला शिवी देऊन पुढे जातो, ५० वाला रिक्षावर आदळतो. गजबजलेल्या भागात बोटं आधीच ब्रेक आणि क्लचवर टेकवून ठेवलीत तर त्या एका सेकंदातला काही भाग वाचतो.

चौथी पायरी: रस्ता निवडा

मोबाइलचा नकाशा सगळ्यात जवळचा रस्ता दाखवतो, नवख्या माणसाला झेपणारा नव्हे. घर ते कॉलेज किंवा कंपनी हा रस्ता एखाद्या रविवारी सकाळी सावकाश चालवून बघा. गतिरोधक कुठे आहेत (पुष्कळांवर पांढरे पट्टे पुसलेले असतात), दुभाजकाला कट कुठे आहेत, शाळा कुठे सुटते, कुठल्या वळणावर खडी साचते, हे बघून ठेवा. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण पहिले काही आठवडे द्वारका टाळता येत असेल तर टाळा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड तिथे एकत्र येतात. वर पूल, खाली एसटी, ट्रक, रिक्षा, पायी माणसं, आणि प्रत्येकाला वेगळ्या दिशेला जायचं असतं. मुंबई नाका आणि आडगाव नाकाही संध्याकाळी सोपे नाहीत. शहरात नाशिक फर्स्ट संस्थेचं ट्रॅफिक एज्युकेशन पार्क आहे. ज्यांनी कधीच नीट कोणाकडून शिकलेलं नाही त्यांनी तिथे चौकशी करावी.

पाचवी पायरी: रस्त्यात उभं कुठे राहायचं

बाईकला लेनमध्ये तीन जागा असतात: डावीकडची, मधली, उजवीकडची. नवखे लोक भिऊन अगदी डाव्या कडेला चिकटतात. ती जागा सुरक्षित वाटते, पण तिथे खडी असते, उघडणारे कारचे दरवाजे असतात, गल्लीतून नाक बाहेर काढणारी वाहनं असतात. शिवाय कडेला चिकटलेल्या बाईकला मागचा माणूस त्याच लेनमधून घासून पुढे जातो. लेनच्या मधोमध किंवा जरा उजवीकडे राहिलात तर पुढच्याच्या आरशात दिसता, मागच्याला नीट ओव्हरटेक करावं लागतं, आणि दोन्ही बाजूंना सुटायला जागा राहते. मागून वेगात कोणी येत असेल तर डावीकडे सरकून खुशाल जाऊ द्या.

पुढच्या वाहनामागे किती अंतर ठेवायचं? ते वाहन एखाद्या खांबाजवळून गेलं की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. तुम्ही त्या खांबाशी ते म्हणून झाल्यावर पोहोचला पाहिजेत. पावसात आणखी दोन मोजा. नाशिकमध्ये एवढी जागा ठेवली की कोणीतरी मध्ये घुसणारच. घुसू द्या आणि पुन्हा तेवढी जागा करा. दिवसभरात असे कितीही लोक घुसले तरी घरी पोहोचायला दोन-चार मिनिटांपलीकडे उशीर होत नाही.

सहावी पायरी: कोण काय करणार ते आधी ओळखा

हा भाग सावकाश वाचा. बेफिकीर चालकसुद्धा चूक करण्याआधी काहीतरी खूण देतो. त्याचा इंडिकेटर त्यात धरू नका, कारण तो लागत नाही किंवा कालपासून लागलेलाच असतो.

रिक्षा. शालिमार, निमाणी, बिटको, सीबीएस बसस्थानक, कुठेही बघा. शेअर रिक्षावाल्याची नजर रस्त्यापेक्षा कडेच्या माणसांवर असते, कारण त्याचं पोट त्यावर आहे. म्हणून तुम्हीही त्या माणसांकडे बघा. कडेला कोणी हात वर केला की पुढची रिक्षा सरळ डावीकडे कापणार आणि जागच्या जागी थांबणार. चालकानं मान डावीकडे वळवली किंवा मागच्या प्रवाशाशी बोलायला डोकं कलतं केलं, तरी तेच. थांबलेल्या रिक्षाच्या डावीकडून कधीही जाऊ नका, प्रवासी तिथेच उतरतो. उजवीकडून जाताना तिचं पुढचं चाक बघत जा. प्रवासी बसला की ती मागे न बघता रस्त्यात येते.

कार. चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कारच्या चालकाशी नजरानजर झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचे डोळे तुमच्याकडे असतात, लक्ष दुसरीकडे. कारचं पुढचं चाक बघा. कार हलायला लागली की ते चाकाच्या फिरण्यावरून सगळ्यात आधी दिसतं. पार्क केलेल्या कारच्या रांगेजवळून जाताना निदान एक मीटर लांब राहा. आत कोणाचं डोकं दिसतंय का, ब्रेक लाइट आत्ताच विझला का, चाकं रस्त्याकडे वळलेली आहेत का, हे जाता जाता दिसतं. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडला संध्याकाळी दरवाजे न बघताच उघडले जातात.

पिकअप आणि छोटा हत्ती. टोमॅटो-भाजीपाल्याचे क्रेट टपाच्या वर लावलेले असले की चालकाला मागचं काही दिसत नाही. दिंडोरी रोड, पेठ रोड, मार्केट यार्डाच्या आसपास हे सकाळ-संध्याकाळ घाईत असतात, कारण लिलावाची वेळ गाठायची असते. यांच्या मागे चिकटू नका. क्रेट घसरतात, आणि रस्त्यावर चिरडलेल्या टोमॅटो-पालेभाजीवरून दुचाकी घसरते.

ट्रक आणि ट्रेलर. नियम एकच: त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. सगळ्यात घातक जागा म्हणजे डावी बाजू. लांब ट्रेलर डावीकडे वळायच्या आधी पुढचा भाग उजवीकडे घेतो. मागचा माणूस समजतो तो उजवीकडे चालला, आणि डावीकडच्या मोकळ्या जागेत बाईक घालतो. मग पुढचा भाग डावीकडे वळतो आणि मागची चाकं आतल्या बाजूनं कापत येतात. ती जागा बंद होते. पपया नर्सरीच्या चौकात, अंबड-सातपूरच्या आतल्या वळणांवर हे रोज दिसतं. ट्रकच्या डावीकडे फट कितीही मोठी असो, घुसायचं नाही. सिग्नलला ट्रकच्या अगदी नाकासमोरही उभं राहू नका, उंच केबिनमधल्या चालकाला खालची बाईक दिसत नाही.

मागे सळया बाहेर काढून चाललेली वाहनं हा आपल्या शहरातला वेगळाच धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये द्वारकेच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया नेणाऱ्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि तरुण मुलं गेली. ती टेम्पोत होती, बाईकवाल्यापुढे तर पत्राही नसतो. सळई समोरून टोकानं आपल्याकडे असली की रात्री एका ठिपक्याएवढीही दिसत नाही. अशा वाहनामागे कधीही राहू नका. मागे पडा किंवा सुरक्षित जागा बघून पुढे निघा.

ट्रॅक्टर. कांद्याच्या, द्राक्षाच्या, उसाच्या हंगामात पिंपळगाव, निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्या रात्री विनादिव्याच्या असतात. ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, समोरून येताना ट्रॅक्टरच्या एका दिव्यावरून तिची रुंदी कळत नाही. समोर एकच दिवा दिसला की ती बाईकच आहे असं मानू नका, भरपूर डावीकडे या. पुढे चाललेला ट्रॅक्टर उजवीकडे शेतात कधीही वळेल. गाणी मोठ्यानं लावलेली असतात, हॉर्न त्याला ऐकू जात नाही. ओव्हरटेक करताना उजवीकडे बांधावर रस्ता फुटलाय का ते आधी बघा.

राँग साइडवाले. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर, दुभाजकाच्या कटाजवळ, पेट्रोल पंपाच्या आगेमागे हे हमखास भेटतात. पुढचा कट लांब असला की माणूस उलटा येतो. ते बहुतेक कडेला चिकटून येतात, म्हणून सर्व्हिस रोडवर तुम्ही मधोमध राहा. रात्री लाइट न लावता येणारे असतात, तिथे ताशी तीसच्या वर जाऊ नका. समोरून कोणी आलाच तर तो कुठल्या बाजूला जाणार याचा अंदाज बांधत बसू नका. वेग तोडा, डिपर द्या, थांबा. दोघंही एकाच बाजूला सरकले म्हणून धडक होते.

सातवी पायरी: चौक

हिरवा लागला की लगेच निघू नका. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, मग निघा. पिवळा संपल्यावर जोर लावून येणारा एक तरी असतो. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. शेजारी मोठी बस किंवा ट्रक असेल तर तो हलल्यावर त्याच्या बरोबरीनं, त्याच्या आडोशानं पुढे निघणं चांगलं, फक्त तो वळणारा नसावा.

सिग्नलला थांबल्यावरही काम संपत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, आणि नजर आरशात. मागचं वाहन थांबेपर्यंत निसटायला कुठली बाजू मोकळी आहे ते बघून ठेवा, ब्रेक लाइट दोन-तीनदा चमकवा. मागे दोन वाहनं थांबली की मग न्यूट्रल करा.

सर्कलमध्ये आत असलेल्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. तो इथे फार थोडे पाळतात. तुम्ही पाळा, आणि दुसरा पाळणार नाही हे धरून आत शिरा. सर्कलच्या आत मध्येच थांबून रस्ता शोधू नका. चुकलात तर एक फेरी जास्त मारा.

उड्डाणपूल खाली उतरतो तिथे पुलावरची भरधाव वाहनं आणि सर्व्हिस रोडची सावकाश वाहनं एकमेकांत मिसळतात. तिथे आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून एकदा मागे बघावं लागतं.

आठवी पायरी: नाशिकचे ऋतू

पहिला पाऊस सगळ्यात निसरडा. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल, धूळ आणि रबर पाण्यावर तरंगून वर येतं. पहिल्या सरीत अर्धा तास आडोशाला थांबता आलं तर थांबा. पुढे पावसाळाभर शहराबाहेरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती येते. डांबरावरचा तो काळा चिखल ओला असताना दिसतही नाही. शेताचा रस्ता मिळतो तिथे आधीच वेग कमी करा, मातीवर ब्रेक मारू नका. पाणी साचलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वाहनाच्या चाकाच्या मागावरून जा. खड्डा चुकवायला एकदम उजवीकडे हँडल मारलेले कितीतरी लोक मागच्या वाहनाखाली आले आहेत. चुकवता येत नसेल तर ब्रेक सोडून, सीटवरून किंचित उठून, सरळ खड्ड्यातून जा.

सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले असतात. काल मोकळा असलेला रस्ता आज अर्धा असू शकतो, आणि रात्री तिथे बॅरिकेडला रिफ्लेक्टर असेलच असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला जाताना गोदाकाठच्या भागात आणि निफाडकडे दाट धुकं असतं. हेल्मेटची काच वाफेनं धुरकटते, तेव्हा ती बोटभर उघडी ठेवा. धुक्यात अप्पर लावू नका, उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

आणि मांजा. संक्रांतीच्या आधी महिनाभर नाशिकच्या आकाशात पतंग असतात. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो विकला जातो, आणि त्यानं गळा चिरून इथे दुचाकीवरची माणसं गेली आहेत. उड्डाणपुलावर आणि वस्तीजवळच्या मोकळ्या रस्त्यावर धोका सगळ्यात जास्त. या दिवसांत गळ्याभोवती जाड मफलर किंवा नेक गार्ड गुंडाळा, हेल्मेटची काच खाली ठेवा, वेग तीसच्या आत ठेवा. हँडलला लावायची तारेची कमान मिळते, ती बसवून घ्या, महाग नसते. अंगावर दोरा जाणवला तर हातानं ओढू नका, ब्रेक लावून थांबा.

चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाकडे, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला पायी जाणारे भाविक रात्रभर रस्त्यावर असतात. दिंडोरी रोडला आणि त्र्यंबक रोडला त्या दिवसांत कडेला नव्हे, रस्त्यातच माणसं आहेत असं समजून चाला.

कसारा घाट पहिले काही महिने नको. पावसाळ्यात तिथे धुकं आणि अवजड वाहनं एकत्र असतात. जावंच लागलं तर दिवसा जा, आणि उतारावर ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये कधीही सापडू नका.

नववी पायरी: मागे बसलेलं माणूस

मागच्यालाही हेल्मेट. चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्यानं हेल्मेट लागतं, आणि त्याहून लहान मूल मागे असेल तर बांधायचा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत. पदर, ओढणी, स्टोल निघण्याआधी खोचून घ्यायला सांगा, मागच्या चाकात गुंतलेली ओढणी क्षणात माणसाला खाली ओढते. मागे माणूस असताना गाडी थांबायला जास्त जागा लागते, पुढच्या वाहनापासूनचं अंतर वाढवा. ट्रिपल सीटला नाही म्हणा, मित्र रागावला तरी.

दहावी पायरी: कट मारला तर

कोणीतरी कट मारणार. त्याचा पाठलाग करू नका, शेजारी जाऊन काचेवर थाप मारू नका. संतापलेल्या माणसाची नजर एकाच गाडीवर खिळते आणि बाकी रस्ता दिसेनासा होतो. बाईक आपण जिथे बघतो तिकडेच जाते. शिवाय कार आणि बाईकच्या भांडणात काय होतं ते सांगायला नको. आक्सिलेटर सोडा, त्याला लांब जाऊ द्या. हात थरथरत असतील तर कडेला चहाची टपरी बघून पाच मिनिटं थांबा. गाडीचा नंबर लक्षात राहिला आणि प्रकार गंभीर असेल तर ११२ वर सांगा.

हॉर्न राग काढायला वापरू नका. 'मी इथे आहे' हे सांगायला, आधी, छोटा वाजवा. दिवसा लागणारा डिपर हॉर्नपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण बंद काचेत गाणं लावून बसलेल्याला उजेड दिसतो.

आणि अपघात झालाच तर

तुमचा किंवा दुसऱ्या कोणाचा, आधी मागून येणारी वाहनं थांबवा. कोणाला तरी हात दाखवत लांब उभं करा, रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च आणि एखाद्या गाडीचे इंडिकेटर लावा. १०८ ला फोन करा आणि जागा ओळखीच्या खुणेसह सांगा: कोणता चौक, पुलावर की पुलाखाली, कोणत्या दिशेची बाजू. जखमी श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेच्या मणक्याला इजा असू शकते. पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा. उचलून रिक्षात कोंबण्याआधी रुग्णवाहिका किती लांब आहे ते विचारा.

मदत करणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये त्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची केंद्राची योजना आहे, हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या तिच्याबद्दल विचारा.

तुम्ही स्वतः पडला असाल आणि उठता येत असेल, तरी लगेच गाडी चालवत घरी जाऊ नका. अंगात भीतीचा जोर असतो तोवर दुखणं कळत नाही. डोक्याला मार लागला असेल, उलटी झाली, झोप यायला लागली किंवा थोडा वेळ काय झालं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गाड्या हलवण्याआधी दोन्ही वाहनांचे, नंबर प्लेटचे आणि रस्त्याचे फोटो घ्या, विम्याला आणि पोलिसांना लागतात. रस्त्यावर उभ्या उभ्या पैसे देऊन-घेऊन मिटवू नका, गुडघ्याची सूज दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. गाडी दुरुस्त करायला दिली की मेकॅनिकला फक्त फुटलेले दिवे बदलायला सांगू नका, पुढचे शॉकअप, हँडल आणि चाक सरळ आहे का ते तपासायला सांगा. आणि नवीन हेल्मेट घेऊनच गाडी परत आणायला जा.